ग्रॅहम क्रॅकर : कोंड्याच्या पावापासून मैद्याच्या बिस्किटापर्यंत

#थ्रेड #इतिहास #खाद्यइतिहास

१/
१८३७ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात एका व्याख्यानाच्या जागी जमाव चालून आला. त्यात प्रामुख्याने शहरातील बेकरीवाले आणि खाटीक होते. त्यांचा रोष होता सिल्व्हेस्टर ग्रॅहम या धर्मोपदेशकावर, आणि रोषाच्या मुळाशी होता पाव. चाळलेल्या पिठाचा पांढरा पाव खाऊ नका, बेकरीतून पाव विकत घेऊ नका, कोंड्यासह दळलेल्या गव्हाचा पाव घरीच भाजा, असे ग्रॅहम गावोगाव सांगत फिरत होते.

२/
आज अमेरिकेतील जवळपास प्रत्येक किराणा दुकानात ‘ग्रॅहम क्रॅकर’चा खोका मिळतो. नाव त्याच ग्रॅहम यांचे. मात्र त्यातील अनेक खोक्यांच्या मागील बाजूस घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे असते. ज्या पिठाविरुद्ध या माणसाने आयुष्य वेचले, त्याच पिठाच्या बिस्किटाला त्याचे नाव कसे चिकटून राहिले? आणि ‘होल ग्रेन’ असे छापलेला क्रॅकर निवडताना हा इतिहास कोणत्या उपयोगाचा? त्याचा हा आढावा.

३/
प्रथम क्रॅकरविषयी. पीठ, पाणी आणि मीठ यांची पातळ लाटी ओलावा पूर्ण निघून जाईपर्यंत भाजली की ती महिनोन्‌महिने टिकते. लांबच्या सागरी प्रवासात खलाशांचे पोट याच कडक बिस्किटांवर भरत असे. १८०१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील मिल्टन येथे जोसाया बेंट यांनी अशी बिस्किटे विकण्यास आरंभ केला. भाजताना होणाऱ्या कडकड आवाजावरून ‘क्रॅकर’ हे नाव पडले, अशी आख्यायिका त्यांच्याविषयी सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट पक्की आहे : क्रॅकर जन्माला आला तो टिकण्यासाठी. पुढील सर्व घडामोडींची किल्ली याच गरजेत आहे.

४/
आता गव्हाचा दाणा. त्याचे तीन भाग असतात. बाहेरचे आवरण म्हणजे कोंडा, वजनाने सुमारे १४ टक्के. आतला पिठूळ गाभा सुमारे ८३ टक्के. उरलेला जेमतेम अडीच-तीन टक्क्यांचा भाग म्हणजे अंकुर, ज्यातून नवे रोप उगवते. तंतुमय पदार्थ मुख्यतः कोंड्यात असतात, तेल आणि ई जीवनसत्त्व अंकुरात, तर गाभ्यात प्रामुख्याने पिष्ट आणि प्रथिने. तिन्ही भाग मूळ प्रमाणात राहतात ते संपूर्ण धान्याचे पीठ. केवळ गाभा उरतो तो मैदा.

५/
दगडी जात्यात हे तिन्ही भाग एकत्रच भरडले जातात. पांढरे पीठ हवे असेल तर ते नंतर कापडातून वा बारीक चाळणीतून गाळावे लागे. त्यात श्रम अधिक आणि धान्याची नासाडीही अधिक. त्यामुळे युरोपात आणि अमेरिकेत शतकानुशतके पांढरा पाव हे श्रीमंतीचे लक्षण मानले गेले आणि काळपट, भरड पाव गरिबाच्या वाट्याला आला. ग्रॅहम यांनी हीच उतरंड उलटी करण्याचा प्रयत्न केला.

६/
सिल्व्हेस्टर ग्रॅहम यांचा जन्म १७९४ मध्ये कनेक्टिकट राज्यातील वेस्ट सफील्ड येथे झाला. १७ भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील ते दोन वर्षांचे असतानाच वारले. बालपण नातेवाइकांच्या आश्रयाने आणि आजारपणात गेले. पुढे ते प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक झाले आणि १८३० मध्ये पेन्सिल्व्हेनियातील मद्यपानविरोधी संस्थेसाठी व्याख्याने देऊ लागले. मद्याचा विचार करता करता ते एकूणच आहाराच्या प्रश्नाकडे वळले.

७/
१८३२ च्या उन्हाळ्यात कॉलऱ्याची साथ न्यूयॉर्कला पोहोचली. फळे आणि भाज्या टाळाव्यात, मांस आणि थोडे मद्य घ्यावे, असा सल्ला त्या वेळी अनेक डॉक्टर देत होते. ग्रॅहम यांनी नेमके उलट सांगितले : मांस आणि मद्य सोडा, साधे वनस्पतिजन्य अन्न आणि भरड पाव खा. कॉलऱ्याचे खरे कारण, म्हणजे दूषित पाणी, त्यांनाही ठाऊक नव्हते. परंतु भयभीत शहराला ठाम बोलणारा माणूस हवा होता. त्यांच्या सभांना गर्दी होऊ लागली.

८/
१८३७ मध्ये त्यांचा पाव आणि पाव भाजण्याची रीत यांवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. दाण्यातून कोंडा वेगळा काढणे म्हणजे निसर्गाने एकत्र ठेवलेले तोडणे, हा त्यातील मुख्य विचार. आतड्यांना काम देण्यासाठी अन्नात भरडपणा हवा, हेही त्यांनी आग्रहाने मांडले. शिवाय शहरातील बेकरीवाले पाव पांढरा व वजनदार करण्यासाठी तुरटी, खडू यांसारख्या वस्तू पिठात मिसळतात, असा उघड आरोप त्यांनी केला. भेसळ त्या काळी दुर्मीळ नव्हती. आरोप वर्मी लागला.

९/
मात्र ग्रॅहम यांची कारणमीमांसा आजच्या वाचकाला चकित करील. मांस, मसाले, चहा, कॉफी आणि मद्य यांनी शरीर उत्तेजित होते, त्यातून कामवासना चाळवते आणि तीच बहुतेक व्याधींचे मूळ, असे त्यांचे मत होते. १८३४ मध्ये तरुणांना ब्रह्मचर्याविषयी दिलेले त्यांचे व्याख्यान पुस्तकरूपाने आले, ते याच धारणेवर उभे होते. कोंड्याच्या पावाकडे ते वासना शांत ठेवणारे अन्न म्हणून पाहत. त्यांचा निष्कर्ष बराचसा टिकला. त्यामागचा सिद्धान्त टिकला नाही.

१०/
आता पुन्हा बोस्टन. सभागृह मिळणे कठीण झाल्यावर नव्याने उभ्या राहत असलेल्या मार्लबरो हॉटेलात व्याख्यान ठरले. जमाव चालून आला तेव्हा ग्रॅहम यांच्या अनुयायांनी वरच्या मजल्यावरून चुन्याचा मारा करून त्याला परतवले, असा वृत्तान्त आहे. बेकरीवाल्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. घराघरांत पाव भाजला जाऊ लागला तर त्यांच्या भट्ट्या विझणार होत्या. लढा चवीचा नव्हता, पोटापाण्याचा होता.

११/
अनुयायांना ‘ग्रॅहमाइट’ म्हणत. न्यूयॉर्क आणि बोस्टन येथे त्यांच्यासाठी खास खाणावळी निघाल्या. तेथे मांस, चहा, कॉफी, तंबाखू वर्ज्य. भरड पाव, भाज्या, थंड पाणी आणि कडक गाद्या. न्यूयॉर्कमधील अशी खाणावळ चालवणाऱ्या असेनाथ निकल्सन पुढे आयर्लंडच्या दुष्काळात अन्नवाटपासाठी गेल्या. ओहायोतील ओबरलिन कॉलेजच्या भोजनगृहानेही काही वर्षे हा आहार स्वीकारला. विद्यार्थी आणि गावकरी यांच्या तक्रारींनंतर १८४१ मध्ये तो प्रयोग आटोपला.

१२/
याच वातावरणात ‘ग्रॅहम पीठ’, ‘ग्रॅहम पाव’ आणि ‘ग्रॅहम क्रॅकर’ ही नावे रूढ झाली. आरंभीचा क्रॅकर भरड, कोरडा आणि बेचव म्हणावा इतका साधा होता. ग्रॅहम यांनी पिठावर वा क्रॅकरवर कसलाही मालकी हक्क घेतला नाही. १८५१ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन येथे त्यांचे निधन झाले. आरोग्याचा उपदेशक एवढ्या लवकर गेला, यावरून टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. नाव मात्र मालकाविना बाजारात उरले. ते कोणीही कोणत्याही बिस्किटावर छापू शकत होता.

१३/
त्यांचा वारसा आरोग्यधामांनी पुढे चालवला. न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी १८६३ च्या सुमारास ग्रॅहम पिठाच्या कडक पोळ्या भाजून, फोडून, पुन्हा भाजून ‘ग्रॅन्युला’ तयार केला. तो इतका कडक असे की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसे. बॅटल क्रीक येथील डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी तसाच पदार्थ काढला आणि नावावरून वाद उद्भवल्यावर त्याला ‘ग्रॅनोला’ म्हटले. सकाळच्या न्याहारीचा एक मोठा उद्योग या कोंड्यातून उभा राहिला.

१४/
दरम्यान दळण्याची पद्धतच बदलली. हंगेरीत विकसित झालेले पोलादी रूळ १८७० नंतर अमेरिकेतील मिनियापोलिसच्या गिरण्यांत आले. जात्याचे दगड दाणा भरडतात. रूळ तो उघडून कोंडा, अंकुर आणि गाभा वेगवेगळे करतात. पांढरे पीठ एकाएकी स्वस्त झाले. शिवाय अंकुरातील तेलाने पीठ काही काळाने खवट होते. अंकुर काढलेला मैदा आगगाडीने हजारो मैल गेला तरी बिघडत नसे. जे गिरणीला सोयीचे तेच ग्राहकाला प्रतिष्ठेचे होते. अशा बाजारात कोंड्याची बाजू कोण घेणार?

१५/
१८९८ मध्ये ११४ बेकऱ्यांच्या एकत्रीकरणातून ‘नॅशनल बिस्किट कंपनी’ उभी राहिली. तोवर क्रॅकर वाण्याच्या दुकानात उघड्या पिंपातून विकले जात. ओलावा, धूळ आणि उंदीर यांची त्यांना सोबत असे. कंपनीने मेणकागदाचे अस्तर असलेले बंद खोके आणले. ही सुधारणा खरीच होती. पण बंद खोका देशभर पाठवायचा तर आतील माल महिनोन्‌महिने एकसारखा राहायला हवा आणि तो सर्वांना आवडायलाही हवा. १९२५ मध्ये याच कंपनीने मध घातलेला गोड ग्रॅहम क्रॅकर बाजारात आणला.

१६/
१९२७ मध्ये अमेरिकेतील गर्ल स्काउट संघटनेच्या पुस्तिकेत शेकोटीभोवती खाण्याच्या एका पदार्थाची कृती छापून आली : दोन ग्रॅहम क्रॅकर, मधे चॉकलेट आणि भाजलेला मार्शमेलो. पुढे ‘स्मोअर’ म्हणून तो देशभर लाडका झाला. मार्शमेलोत सहसा जिलेटिन असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. आयुष्यभर शाकाहाराचा आणि संयमाचा उपदेश करणाऱ्या माणसाचे नाव अखेर या पदार्थाशी जोडले गेले.

१७/
सगळेच क्रॅकर या वाटेने गेले नाहीत. हेन्री पर्की यांनी शिजवलेला अख्खा गहू रुळांतून काढून त्याचे तंतू करण्याचे यंत्र १८९३ च्या सुमारास तयार केले. नायगारा धबधब्याजवळच्या त्यांच्या कंपनीच्या कारखान्यात १९०३ पासून ‘ट्रिस्किट’ बनू लागला आणि तो विजेवर भाजला जातो, अशी जाहिरात होत असे. येथे पिठाची पायरीच नसल्याने कोंडा वेगळा काढण्याचा प्रश्न उद्भवला नाही. मूळ चवीच्या ट्रिस्किटचे घटक आजही तीनच आहेत : अख्खा गहू, तेल आणि मीठ.

१८/
दुसरी वाट उत्तर युरोपातली. स्वीडनमध्ये राय या थंड हवेतील धान्याच्या भरड पिठाच्या पातळ, गोल, मधोमध भोक असलेल्या कडक चकत्या वर्षातून मोजक्याच वेळा भाजत आणि छताखालच्या काठीवर ओवून ठेवत. रायचा कोंडा गाभ्याला घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे तो गव्हाइतका सहज सुटत नाही. १९१९ मध्ये स्वीडनमध्ये ‘वासा’ आणि १९२५ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे ‘रायव्हिटा’ हे कारखाने याच परंपरेतून निघाले. कारखान्यात गेल्यावरही रायच्या कडक पावाने आपला कोंडा बऱ्याच अंशी राखला.

१९/
कोंड्यात नेमके काय असते, हे कळायला ग्रॅहम यांच्या मृत्यूनंतर जवळपास अर्धे शतक जावे लागले. जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांना आढळले की पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि तांदळाचा कोंडा दिल्यावर त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाशी त्याचा संबंध जुळला आणि पुढे बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, शोध लागला. १९२९ मध्ये आइकमान यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पांढऱ्या धान्याची किंमत माणसे आपल्या मज्जातंतूंनी मोजत होती.

२०/
या ज्ञानानंतर दोन मार्ग खुले होते : कोंडा काढणे थांबवावे, किंवा काढून झाल्यावर काही घटक परत घालावेत. १९४१ मध्ये अमेरिकेने दुसरा मार्ग निवडला. मैद्यात थायमिन, नायसिन आणि लोह मिसळून त्याला ‘एनरिच्ड’, म्हणजे समृद्ध केलेले, पीठ म्हटले जाऊ लागले. या उपायाने पेलाग्रासारख्या रोगांना आळा घालण्यास मदत झाली, हे मान्य करावे लागते. परंतु तंतू, मॅग्नेशियम आणि ई जीवनसत्त्व परत आले नाहीत. घटकांच्या यादीत ‘एनरिच्ड फ्लोअर’ दिसले तर तो पोषके घातलेला मैदा आहे, हे येथून ओळखावे.

२१/
१९७० च्या दशकात युगांडात काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी तंतुमय आहार आणि आतड्यांचे आरोग्य यांचा संबंध ठामपणे मांडला आणि कोंडा पुन्हा प्रतिष्ठित झाला. त्यापाठोपाठ बाजारही वळला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वजनाने किमान ५१ टक्के संपूर्ण धान्य असलेल्या पदार्थांना, इतर काही अटींसह, आरोग्यविषयक दावा करण्यास मुभा दिली. २००५ मध्ये ‘होल ग्रेन’ हा शिक्का आला. त्याच्या मूळ स्वरूपात एका वाढपात ८ ग्रॅम संपूर्ण धान्य पुरेसे होते. उरलेला भाग मैदा असला तरी चाले.

२२/
२०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५४५ धान्यपदार्थ तपासून प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे महत्त्वाचा ठरतो. शिक्का असलेल्या पदार्थांत तंतू अधिक आढळले, पण साखर आणि उष्मांकही अधिक निघाले. त्यांच्या तुलनेत एक साधा हिशोब सर्वांत भरवशाचा ठरला : एकूण कर्बोदके भागिले तंतू. उत्तर १० किंवा त्याहून कमी आले तर पदार्थ बहुधा चांगला. २० ग्रॅम कर्बोदकांमागे किमान २ ग्रॅम तंतू हवेत.

२३/
या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत येतो. लंडनमध्ये शाकाहारी चळवळीशी जोडले गेलेले मोहनदास गांधी यांनी पुढे जोहान्सबर्गच्या घरी सात पौंडांची हातचक्की आणली. स्वतः, सहकारी आणि मुले मिळून गहू दळत आणि घरी कोंड्यासह पिठाचा पाव होई. १९४६ मध्ये पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथे त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. महाराष्ट्रात तर घरचा गहू गिरणीतून दळून आणण्याची रीत आजही आहे. ग्रॅहम यांचे स्वप्न येथे नित्याचे होते. कोंडा जातो तो पुढे, मैद्याच्या चाळणीत.

२४/
भारतीय दुकानातही आता ‘मल्टिग्रेन’, ‘डायजेस्टिव्ह’, ‘होल व्हीट’ अशा नावांची गर्दी आहे. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे अनेक धान्ये. ती अख्खी असतीलच असे नाही. ‘डायजेस्टिव्ह’ हे नाव १८९२ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या बिस्किटामुळे सर्वतोमुखी झाले. त्यातील खाण्याच्या सोड्याने पचन सुधारते, अशी तेव्हाची समजूत होती. तपकिरी रंग कोंड्याचा असू शकतो, तसा काकवीचा किंवा कॅरमेलचाही. पुढच्या बाजूचे शब्द बहुधा भूतकाळातून उसने आणलेले असतात.

२५/
मागील बाजू मात्र कायद्याने बांधलेली आहे. तेथे पाहावे ते असे :
• घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिले नाव अख्ख्या धान्याचे हवे. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदाच.
• ज्या घटकाचे नाव पुढे मिरवले आहे त्याची टक्केवारी भारतात छापावी लागते. नाचणीचे चित्र मोठे आणि टक्केवारी किरकोळ, असे आहे का ते तपासावे.
• कर्बोदके आणि तंतू यांचा १० चा हिशोब करावा.
• साखर, काकवी, मध, सिरप वेगवेगळ्या नावांनी विखुरलेले असतात; ते एकत्र मोजावेत.
• मीठ, म्हणजे सोडियम, दोन पुड्यांची तुलना करून पाहावे.

२६/
आणि अखेरची खूण नाकाची. अख्ख्या धान्याच्या क्रॅकरमध्ये अंकुराचे तेल शिल्लक असते, म्हणून तो मैद्याच्या क्रॅकरपेक्षा लवकर खवट होऊ शकतो. पुडा फोडल्यावर तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि लवकर संपवावा. टिकाऊपणासाठी अंकुर गमावलेल्या दाण्याची ही उलट बाजू आहे.

२७/
ग्रॅहम यांचे शरीरशास्त्र चुकीचे होते आणि त्यांच्या अनेक भीती निराधार होत्या. तथापि आपल्या पावात काय आहे आणि ते कोणी घातले, हे विचारण्याचा अधिकार खाणाऱ्याला आहे, ही त्यांची मागणी रास्त होती. १८३७ मध्ये त्या प्रश्नासाठी चुन्याचा मारा करावा लागला. आज त्याचे उत्तर पुड्याच्या मागे, बारीक अक्षरांत का होईना, छापलेले असते. पुडा उलटून ते वाचावे.

#मराठी #इतिहास #आहार